घराण्यातली भोवळ: दवाखान्यात जाण्याआधीची तयारी, पायरीपायरीने

नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात मी ईसीजी काढते. पट्टी निघेपर्यंत पेशंट आणि सोबतचे लोक बोलत असतात, आणि डॉक्टरांसमोर राहून गेलेलं नेमकं माझ्यापाशी निघतं. "घरात अजून कोणाला असा त्रास?" या प्रश्नाला आत "नाही" म्हणून झालेलं असतं. इकडे मी छातीवरच्या तारा काढत असते आणि आई म्हणते, "याचे एक काका विहिरीत पोहता पोहता गेले, पण ते वेगळं."

ते वेगळं असेलच असं नाही. पट्टी हातात घेऊन मी त्यांना परत आत पाठवते.

भोवळ आली की लोक तपासण्यांपासून सुरुवात करतात. मेंदूचा एमआरआय, साखर, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, सगळे कागद फाईलमध्ये असतात. माणूस काय करताना पडला, किती वेळात उठला, घरात कोण कसं गेलं, याची मात्र एक ओळ नसते. आधी घटना, मग घराणं, मग पट्टी आणि त्यानंतर बाकीच्या तपासण्या, हा क्रम उलटला की पैसे जातात आणि खरं कारण तसंच राहतं. खालच्या तयारीला दोन संध्याकाळी आणि आठ-दहा फोन लागतात.

आधी ही चाळणी

खालच्यापैकी एकही गोष्ट लागू असेल तर वंशावळ काढत बसू नका. त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञ किंवा मोठं रुग्णालय गाठा, बाकीचं मागाहून करा.

- धावताना, पोहताना, खेळताना, जिना चढताना शुद्ध गेली. खेळ संपल्यावर उभं असताना नव्हे, खेळ चालू असताना.
- आडवं पडलेलं असताना किंवा झोपेत शुद्ध गेली.
- काहीच पूर्वसूचना नव्हती. हात टेकायलाही वेळ मिळाला नाही, दात तुटला, तोंड फुटलं.
- पडण्याआधी छातीत जोरात धडधड झाली किंवा छातीत दुखलं.
- हृदयाचा आजार आधीपासून माहीत आहे.
- जवळच्या नात्यात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेलं आहे.

माणूस शुद्धीवर येत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन लावा आणि छाती दाबायला सुरुवात करा. कांदा फोडून नाकाशी धरणं, चप्पल हुंगवणं, तोंडात पाणी ओतणं, दातांमध्ये चमचा घालणं यातलं काहीही करायचं नाही. श्वास चालू असेल तर आडवं झोपवा, पाय वर उचला, गर्दी हटवा. उचलून खुर्चीत बसवू नका. आपल्याकडे ही चूक फार होते. मेंदूला रक्त कमी पडलं म्हणून शरीर आडवं झालेलं असतं, आणि आपण त्याला पुन्हा उभं करायला निघतो.

पायरी १: 'चक्कर' हा शब्द फोडा

आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो. घर फिरतंय असं वाटणं, कूस बदलली की गरगरणं, हा बहुतेक वेळा कानाचा मामला असतो. डोळ्यापुढे अंधारी येऊन भिंत धरावी लागणं ही अर्धी भोवळ. शुद्ध पूर्ण हरपून खाली पडणं आणि थोड्याच वेळात आपोआप भानावर येणं ही खरी भोवळ. हा लेख शेवटच्या दोन प्रकारांबद्दल आहे.

*तपासून पाहा:* पेशंटला विचारा, "पडताना आठवतं का?" जमिनीवर पडलेलो होतो हे आठवतं, पण पडल्याचं आठवत नाही, असं उत्तर आलं तर शुद्ध गेली होती असं धरून चाला.

"शुगर लो झाली असेल" हे निदान नातेवाईक फार लवकर करतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर ते शक्य आहे. पण साखर घसरून बेशुद्ध झालेला माणूस मिनिटाभरात आपोआप उठून "काय झालं?" असं सहसा विचारत नाही.

पायरी २: त्या दोन मिनिटांची नोंद

ही नोंद पेशंटकडून घेऊ नका, बघणाऱ्याकडून घ्या. पेशंट तर तेव्हा तिथे नव्हताच, असं मी गमतीने म्हणते.

एका कागदावर पाच गोष्टी लिहा: कुठे होता आणि काय करत होता, पडण्याआधी काही बोलला का, चेहरा पांढरा पडला की निळा-लाल, हातपाय झटकले का आणि कधी, उठल्यावर किती वेळात नीट बोलला.

वेळेच्या बाबतीत सगळेच चुकतात. "दहा मिनिटं बेशुद्ध होता" असं सांगणाऱ्याला मी मोबाईलचं टायमर लावून तो प्रसंग मनातल्या मनात पुन्हा चालवायला सांगते. दहा मिनिटांचे बहुधा वीस-तीस सेकंद होतात. साधी भोवळ तेवढीच टिकते.

झटक्यांचंही तसंच आहे. हात दोनदा हलला की घरचे "फिट आली" म्हणतात, आणि मग तो शब्द फाईलला जन्मभर चिकटतो. मेंदूला रक्त कमी पडलं की साध्या भोवळीतही पडल्यानंतर थोडे झटके येऊ शकतात. फिटमध्ये झटके सहसा जास्त वेळ चालतात, जिभेची कड चावली जाते आणि शुद्धीवर आल्यावरही माणूस बराच वेळ गोंधळलेला राहतो. लघवी होणं दोन्हीत घडतं, त्यावरून काहीच ठरवू नका.

घटना दुकानात, कोचिंग क्लासमध्ये किंवा सोसायटीच्या आवारात घडली असेल तर सीसीटीव्हीचं फुटेज त्याच आठवड्यात मागून घ्या. जुन्या फुटेजवर नवीन चढत जातं. डॉक्टरांना तुमच्या अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा चाळीस सेकंदांची ती क्लिप जास्त उपयोगी पडेल.

पायरी ३: जात पडताळणीची वंशावळ काढा, आणि दुरुस्त करा

आपल्याकडे बहुतेक घरांत एक वंशावळ तयार असते. मुलांच्या प्रवेशासाठी जात पडताळणी केली तेव्हा बनवलेली, कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये. तिथूनच सुरुवात करा. नावं आणि पिढ्या आयत्या मिळतात.

पण ती अर्धीच आहे. तिच्यात पणजोबा, आबाजी, मोठे बाबा, काका, चुलतभाऊ असतात. आत्या असली तर लग्नापर्यंतच. आईकडचं तर कोणीच नसतं. पडताळणी समितीला बाप-आजोबांचा धागा पुरतो, हृदयाला पुरत नाही. भोवळ आणि अचानक मृत्यू घडवणारे बहुतेक आनुवंशिक हृदयविकार आईकडूनही तितकेच येतात जितके वडिलांकडून, आणि मुलीलाही तितकेच जातात जितके मुलाला. "माहेरची गोष्ट, इकडे काय संबंध" असं म्हणून लोक अर्धं घराणं पुसून टाकतात. घराणी चुकीची उतरवण्यात ही चूक सगळ्यात पुढे आहे.

मोठ्या कागदावर नवी वंशावळ काढा:

१. मधोमध पेशंट. पुरुषाला चौकोन, बाईला गोल.
२. त्याच्या ओळीत सख्खे भाऊ-बहिणी, खाली मुलं.
३. वर आई-वडील, आणि दोघांच्याही बाजूंना त्यांची सगळी भावंडं: मोठे बाबा, काका, आत्या, मामा, मावशी.
४. त्याच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा.
५. जमतील तेवढे चुलत, आते, मामे आणि मावस भाऊ-बहिणी.

गेलेल्यांवर तिरपी रेघ मारा आणि वय लिहा. पाळण्यात गेलेली मुलंही धरा. त्यांचं नाव घरात कोणी घेत नाही, पण वंशावळीत त्यांची जागा आहे.

नवरा-बायको आधीच नात्यातले असतील, मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न झालेलं असेल, तर त्यांच्यामध्ये दुहेरी रेघ मारा. आपल्याकडे हे सर्रास होतं म्हणून कोणी सांगत नाही. काही विकार असे असतात की सदोष जनुक दोन्हीकडून आलं तरच प्रकट होतात. नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते.

पायरी ४: फोनवर काय विचारायचं

"आपल्या घरात हृदयविकार आहे का?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर एकतर "नाही" येतं किंवा "तुझ्या आजोबांना ७२ व्या वर्षी अटॅक आला होता" असं येतं. म्हातारपणी, बिडी-तंबाखू आणि बीपीच्या सोबतीने आलेला झटका इथे फारसा कामाचा नाही. आपल्याला तरुणपणीचे, अचानक आणि न समजलेले प्रसंग हवे आहेत. ते हृदयविकाराच्या नावाने घराच्या आठवणीत नसतात, दुसऱ्याच नावांनी असतात. म्हणून ती नावं घेऊन विचारा.

*बुडून कोणी गेलं का?* पोहता येत होतं का, हा पुढचा प्रश्न. पोहता न येणारा बुडाला तर कारण उघड आहे. पण कन्हानच्या पात्रात लहानपणापासून डुंबणारा, पट्टीचा पोहणारा शांत पाण्यात बुडाला असेल तर तिथे खूण करा. हृदयाच्या विजेचे (ठोके चालवणाऱ्या विद्युत-संकेतांचे) काही आनुवंशिक दोष नेमके पोहताना उसळतात.

*गाडी विनाकारण रस्त्याखाली गेली का?* ब्रेकच्या खुणा नाहीत, समोर कोणी नाही, रस्ता सरळ. "डुलकी लागली असेल" असं तेव्हा म्हटलं गेलेलं असतं.

*झोपेत कोणी गेलं का?* वय काय, त्या दिवशी ताप होता का? ब्रुगाडा नावाच्या हृदयाच्या विजेच्या विकारात तापाने धोका वाढतो, आणि तो प्रौढ पुरुषांत जास्त प्रकट होतो.

*फिटच्या गोळ्या कोणी वर्षानुवर्षं घेतल्या का?* गोळ्या घेऊनही पडणं थांबलं नसेल, किंवा पळापळीत, भांडणात, घाबरल्यावरच 'फिट' येत असेल, तर ती हृदयाची गोष्ट असू शकते.

*गजराने, फोनच्या रिंगने, फटाक्याने दचकून कोणी पडलं का? बाळंतपणानंतरच्या महिन्यांत?* लाँग क्यूटी या हृदयाच्या विजेच्या विकाराच्या एका प्रकारात अचानक आवाज हे ठरलेलं निमित्त असतं, आणि त्याच प्रकारात बाळंतपणानंतरचा काळ जास्त जोखमीचा असतो.

*जन्मापासून बहिरं मूल आहे का, आणि ते पडायचं का?* लाँग क्यूटीचा एक दुर्मिळ प्रकार जन्मजात बहिरेपणासोबत येतो. तो दोन्ही पालकांकडून यावा लागतो, म्हणून पायरी ३ मधली ती दुहेरी रेघ.

*छातीत मशीन कोणाला बसवलंय?* पेसमेकर की शॉक देणारं यंत्र, आणि कितव्या वर्षी. ८० व्या वर्षीचा पेसमेकर आणि ३० व्या वर्षीचं शॉकचं यंत्र यांचा अर्थ अगदी वेगळा.

*रक्त, सुई, जखम पाहून कोणाला भोवळ येते?* हे हसत सांगितलं जातं, "आमच्याकडे सगळेच भित्रे." हेही लिहा. याचा उपयोग पुढच्या पायरीत आहे.

विचारण्याची तऱ्हाही महत्त्वाची. अंगात येणं, बाहेरचं लागणं, नजर, करणी यांपैकी कुठल्याही शब्दावर वाद घालू नका. आजी म्हणाली, "तिला बाहेरचं होतं", तर विचारा, "आजी, तेव्हा ती काय करत होती? किती वेळ पडून राहायची?" घटना लिहून घ्या, कारणावरून भांडू नका. लग्नाची मुलगी असलेल्या घरात 'फिट' हा शब्द दडवलाच जातो. तिथे ग्रुपवर विचारू नका, त्या काकूला एकटीला फोन करा. आणि "मला माहिती पाहिजे" असं म्हणण्यापेक्षा "आमच्या पोराला असं झालं, डॉक्टरांनी विचारून यायला सांगितलं" असं म्हणा. मग लोक बोलतात.

*तपासून पाहा:* एकाच मृत्यूबद्दल निदान दोघांना विचारलं का? माझ्या स्वतःच्या घरात एका आत्याचं जाणं वडिलांच्या तोंडी 'काविळीने' होतं आणि मावशीच्या तोंडी 'नळावर पाणी भरता भरता'. दोघेही खरंच सांगत होते. कावीळ महिनाभर आधीची होती.

शवविच्छेदन झालं असेल तर त्याच्या अहवालाची प्रत शोधा. हृदयाचा स्नायू जाड होता असं लिहिलेलं सापडलं तर मोठा धागा हाती लागतो. "काही दोष आढळला नाही" असं असेल तरी तो कागद टाकून देऊ नका. लाँग क्यूटीसारखे विकार हृदयाच्या विजेचे असतात. मृत्यूनंतर नुसतं हृदय पाहून ते दिसत नाहीत.

पायरी ५: जमलेलं वाचायचं कसं

निदान करणं तुमचं काम नाही, आणि माझंही नाही. पण ढीग दोन भागांत विभागता येतो, आणि त्यावरून किती घाई करायची ते कळतं.

पहिला ढीग साध्या भोवळीचा. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर उभं राहून पडणं, टेकडी गणपतीच्या रांगेत घामाघूम होऊन अंधारी येणं, रक्त काढताना पडणं, मे महिन्यात उपाशीपोटी बाजारात पडणं. आधी मळमळ, घाम, जांभया, कानात गुणगुण, मग अंधार. आडवं केलं की लगेच बरं. ही सगळ्यात जास्त आढळणारी भोवळ आहे आणि तीही घराण्यात चालते. आई-वडिलांना येत असेल तर मुलांना येण्याची शक्यता जास्त, आणि रक्त पाहून पडण्याची तर फारच. घरातल्या चार जणांना लहानपणापासून अशी येत असेल आणि कोणी अचानक गेलं नसेल, तर ती बहुधा दिलासा देणारी आनुवंशिकता आहे. पडून डोकं फुटू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते.

दुसरा ढीग हृदयाचा. त्यातली मुख्य नावं माहीत असू द्या. *लाँग क्यूटी:* प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ घेतं. *सीपीव्हीटी:* साधी पट्टी अगदी नॉर्मल, पण धावताना किंवा भावनेच्या भरात ठोके बिघडतात. बहुधा लहानपणीच दिसतं. *ब्रुगाडा:* ज्याचा उल्लेख वर आला. *हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी:* हृदयाचा स्नायू जाड होतो. *अॅरिदमोजेनिक कार्डिओमायोपॅथी:* स्नायूची जागा चरबी आणि व्रण घेतात, कष्टाच्या खेळाने बिघाड वाढतो.

यांतले बरेचसे विकार असे की एका पालकाकडे असले तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. 'प्रत्येक' या शब्दावर जोर आहे. "मोठ्याला आलं, म्हणजे धाकटा सुटला" असा हिशेब नसतो. दर वेळी नाणं नव्याने उडवलं जातं. आणि जनुक असूनही काहींना जन्मभर काहीच होत नाही. म्हणून "बाबांना तर कधी काही झालं नाही" याने बाबा मोकळे होत नाहीत.

*इथे गल्लत होते:* विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी माहीत आहे, त्यामुळे "आमच्याकडे सिकल आहे, त्यानेच चक्कर येत असेल" असं सहज म्हटलं जातं. सिकलच्या रुग्णाला रक्त कमी झाल्याने थकवा, धाप आणि अंधारी येऊ शकते. म्हणून सिकलची नोंद वंशावळीत जरूर करा. पण खेळताना अचानक शुद्ध गेली तर ती सिकलच्या नावावर टाकून मोकळं होऊ नका.

पायरी ६: घरी बीपी, झोपून आणि उभं राहून

पाच मिनिटं आडवं पडा, बीपी आणि नाडी घ्या. उभे राहा. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या, नाडी दहा मिनिटांपर्यंत पाहत राहा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर लिहा. बीपी टिकून आहे, पण दहा मिनिटांच्या आत नाडी ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढली, तर तेही लिहा. कोणीतरी शेजारी उभं असू द्या.

लोक बसून एकदाच बीपी घेतात आणि "बीपी नॉर्मल" लिहून आणतात. त्याचा इथे उपयोग नाही. साठीच्या पुढच्यांत बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या गोळ्यांनीही उभं राहताच बीपी पडतं. त्यामुळे सासरे आणि नातू एकाच महिन्यात पडले तरी कारण एक असेलच असं नाही.

पायरी ७: फाईल

ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो, म्हणून काही वर्षांत फिका पडतो. मिळाल्या दिवशी झेरॉक्स काढा, फोटोही घ्या. लॅमिनेट करू नका, गरम रोलरखालून काळा होऊन निघतो. माझ्यासमोर एकदा एका गृहस्थांनी अभिमानाने काढलेली लॅमिनेटेड पट्टी पूर्ण काळी होती, आणि ती त्यांच्या गेलेल्या भावाची एकुलती एक पट्टी होती.

पडला त्याच दिवशीची पट्टी असेल तर ती सगळ्यात वर लावा. नातेवाईकांच्या जुन्या पट्ट्या, इकोचे (हृदयाच्या सोनोग्राफीचे) अहवाल, डिस्चार्जचे कागद मागून घ्या.

मग औषधांची यादी. रोजची नव्हे, घटनेच्या आधीच्या दोन आठवड्यांतली. अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, डॉम्पेरिडोन, ओंडान्सेट्रॉन, फ्लुकोनाझोल आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्या क्यूटी (पट्टीवर मोजला जाणारा, हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ) लांबवू शकतात. जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलं असेल तर धोका आणखी. हगवण लागली, मेडिकल दुकानातून गोळी आणली, दोन दिवसांनी माणूस पडला, ही साखळी फाईलमध्ये दिसली पाहिजे. पण यादी वाचून चालू औषध मनाने बंद करू नका.

पायरी ८: डॉक्टरांसमोर

मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटीत जा, मिहानच्या एम्समध्ये जा, की धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी दवाखान्यात, ओपीडीत वेळ कमीच मिळतो. पहिल्या तीस सेकंदांत हे सांगा: "१७ वर्षांचा मुलगा, कबड्डी खेळताना शुद्ध गेली, वीस सेकंदांत उठला, सख्खे मामा २६ व्या वर्षी झोपेत गेले." मग वंशावळ पुढे ठेवा. "चक्कर येते हो" अशी सुरुवात केलीत तर उत्तरही तसंच मोघम मिळेल.

तपासण्या साधारण या क्रमाने होतात: बारा तारांचा ईसीजी, टू-डी इको, मग गरजेप्रमाणे टीएमटी (धावत्या पट्ट्यावरचा ईसीजी) किंवा हॉल्टर (अंगावर बांधून दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र), आणि साध्या भोवळीची शंका असेल तर टिल्ट टेस्ट (झोपवलेली फळी उभी करून भोवळ येते का ते पाहणं). तीन गोष्टी तुम्ही विचारू शकता:

१. क्यूटी हाताने मोजला का? यंत्र छापतं तो आकडा चुकू शकतो.
२. ब्रुगाडाची शंका असेल तर छातीच्या वरच्या तारा एक-दोन बरगड्या वर सरकवून पट्टी काढायची का?
३. खेळताना घटना घडली असेल तर टीएमटी कधी? त्यात यंत्रावर डॉक्टरांच्या देखत धावायचं असतं. घरी जिना चढवून पाहायचं नाही.

*इशारा:* "ईसीजी नॉर्मल आहे" हे वाक्य ऐकून फाईल बंद करू नका. काही लाँग क्यूटीच्या आणि बहुतेक सीपीव्हीटीच्या रुग्णांची शांत पडून असताना काढलेली पट्टी नॉर्मलच येते. वंशावळीत तरुण मृत्यू असेल तर तसं पुन्हा एकदा सांगा.

पायरी ९: बाकीच्या घराचं काय

आनुवंशिक विकार ठरला तर पहिल्या नात्यातल्या सगळ्यांची तपासणी करतात: आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं. त्यांच्यापैकी कोणात सापडलं की त्याच्या पहिल्या नात्यातले. एका वेळी एक पायरी. पूर्ण खानदानाला एकाच रविवारी ईसीजीला आणू नका. आणतात लोक.

स्नायू जाड होण्याच्या विकारात एकदा इको साधा आला म्हणजे सुटका नाही, कारण जाडी वयानुसार वाढू शकते. मुलांना साधारण दर एक-दोन वर्षांनी आणि मोठ्यांना तीन ते पाच वर्षांनी पुन्हा बोलावतात.

जनुकीय चाचणीचा क्रम सगळेच उलटा लावतात. घाबरलेला धडधाकट माणूस आधी स्वतःची करून घेतो, निगेटिव्ह येते, तो पेढे वाटतो. पण घरात कोणता दोष फिरतोय हेच माहीत नसेल तर त्या निगेटिव्हला अर्थ नाही. आधी ज्याला आजार ठरला आहे त्याची चाचणी, त्यात दोष सापडला तर नेमका तोच दोष इतरांमध्ये शोधायचा. कधीकधी अहवालात 'अर्थ अनिश्चित' असलेला बदल येतो. त्यावरून निरोगी नातेवाईकांची चाचणी करायची नसते, कोणाचं लग्न मोडायचं तर मुळीच नसतं. चाचणीआधी जनुकीय समुपदेशकाशी किंवा या विषयातल्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

पायरी १०: निदान होईपर्यंत

मोटारसायकल आणि कार चालवणं बंद. एकट्याने पोहणं बंद, आणि खेळताना पडलेल्याने डॉक्टर सांगेपर्यंत पोहणं आणि खेळ दोन्ही बंद. बाथरूमला आतून कडी नको. घरात झोपेतला तरुण मृत्यू असेल तर ताप आल्यावर पॅरासिटामॉल लवकर द्या आणि डॉक्टरांना कळवा.

साधी भोवळ असेल तर आपला उन्हाळाच मुख्य शत्रू. पारा ४५ च्या पुढे गेला की घामाने शरीरातलं पाणी जातं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात, मग रांगेत उभं राहिलं की रक्त पायांत साचतं. ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिवसभर थोडं थोडं घ्या. बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी मीठ मनाने वाढवू नये. अंधारीची पहिली खूण दिसताच पाय एकमेकांवर घालून मांड्या-पोटऱ्या घट्ट आवळा, मुठी वळा, आणि तरीही थांबलं नाही तर लाज न बाळगता जमिनीवर बसा किंवा आडवे व्हा. लग्नाच्या मांडवात अंगावर पैठणी असली तरी.

वंशावळीचा कागद दवाखान्याच्या फाईलमध्ये ठेवा, एक फोटो भावाकडे आणि एक मामाकडे पाठवा. घरात नवं मूल जन्मलं, कोणी गेलं, कोणाची पट्टी निघाली की त्यावर तारीख घालून भर टाका. जात पडताळणीच्या निळ्या फाईलमध्ये मात्र ती परत ठेवू नका, पुढच्या प्रवेशाच्या वेळी कोणीतरी ती चुकून जोडून देईल.